मॉथ की एव्हियन?

१९२५ साली लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरून डी हॅविलंड कंपनीचं ‘मॉथ’ हे छोटं विमान उडालं आणि ब्रिटनमध्ये खासगी विमानाची हौस खऱ्या अर्थाने रुजली. इंजिन ६० अश्वशक्तीचं सिरस, युद्धातून उरलेल्या रेनॉ इंजिनाचा अर्धा भाग वापरून घडवलेलं! पंख मागे दुमडले की विमान छोट्याशा शेडमध्येही मावायचं.

वर्षभराने आलेलं अ‍ॅव्रो कंपनीचं ‘एव्हियन’ही दुपंखी, दुमडत्या पंखांचं. १९२८ मध्ये वैमानिक बर्ट हिंकलरने ते एकट्याने लंडनजवळच्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला साडेपंधरा दिवसांत नेलं. १९३० मध्ये मॉथमधून निघालेल्या वैमानिक एमी जॉन्सनला तिथे पोहोचायला विसावा दिवस उजाडला.

तरी माझा कौल मॉथलाच. फ्लाइंग क्लबांनी तेच घेतलं, त्यावर सामान्य माणसं उडायला शिकली. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ठेवलेल्या आगा खान बक्षिसासाठी अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा झुंजले, तेही जिप्सी मॉथमधूनच, म्हणजे जिप्सी इंजिनाच्या मॉथमधून.