ऑक्सफर्डची जाडजूड लर्नर्स डिक्शनरी, दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी इंग्रजीची मास्तरीण वगैरे नाही. भोसरीत एका छोट्या मशीन शॉपचं ऑफिस सांभाळते, म्हणजे कोटेशन, पीओ (पर्चेस ऑर्डर), डिस्पॅच आणि बाहेरच्या पार्ट्यांना मेल. शिक्षण मराठी मीडियम. इंग्रजी वाचलेलं कळतं, शब्दांचे अर्थ पण माहीत असतात, घोळ होतो तो भलताच शब्द भलत्या जागी बसला की.

सगळ्यात मोठा घोळ 'रिव्हर्ट'ने केला. एक जर्मन पार्टी होती, त्यांच्या पार्टच्या ड्रॉइंगचं रिव्हिजन सी आलं होतं, त्यात एक मिती नीट दिसत नव्हती, म्हणून मी नेहमीसारखं ठोकून दिलं, 'काइंडली रिव्हर्ट ऑन ड्रॉइंग रिव्हिजन सी, अर्जंट'. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलमध्ये रिव्हिजन बी हजर, खाली लिहिलेलं की तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधीच्या ड्रॉइंगवर परत जातोय. आणि मी पण इतकी हुशार की उत्तर आलं म्हणून तेच खाली शॉपमध्ये पाठवलं. व्हीएमसीवर, म्हणजे भोकं पाडणाऱ्या-कापणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर, सेटिंग लागलं, ते तर आमच्या क्वालिटीवाल्या काकांनी भोकाचा डायमीटर बघून 'ताई हे जुनं आहे ना?' विचारलं म्हणून मटेरियल वाचलं. साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्या शनिवारी पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेले आणि सेकंडहँडमध्ये ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची आठवी आवृत्ती 400 रुपयांत उचलली. घरी येऊन पहिलं काय केलं तर रिव्हर्ट उघडला. मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीवर परत जाणं. उत्तर देणं हा आपल्याकडच्या ऑफिसांमधला वापर, आपल्या आपल्यात शंभर टक्के चालतो, पण समोरचा जर्मन असेल आणि विषय ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा असेल तर तो बिचारा दुसरं काय समजणार. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आता या पुस्तकात असं काय आहे जे साध्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत नाही, तर हे मुळात इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच बनलंय. हॉर्नबी म्हणून एक इंग्रज शिक्षक 1924 मध्ये जपानला शिकवायला गेला, तिथल्या पोरांच्या चुका बघत बघत दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने ही डिक्शनरी तयार केली, पहिल्यांदा छापली गेली ती पण 1942 मध्ये टोकियोत, ऑक्सफर्डने ती आपल्या नावाने काढली 1948 मध्ये. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे 'हे कुठे वापरायचं आणि कुठे नाही' हा प्रश्न पडणारे आपण पहिले नाही. अर्थ सांगायला साधारण 3000 नेहमीचेच शब्द वापरलेत, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघताना आणखी चार शब्द शोधत बसावं लागत नाही, माझ्या शाळेतल्या डिक्शनरीत हाच खेळ चालायचा.

पण खरी किंमत अर्थाला नाहीच. शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते दाखवतात, त्याचे पैसे. 'से' आणि 'टेल'चं बघा. आपण 'तो मला म्हणाला' म्हणतो ना, तो 'मला' उचलून आपण तसाच तिकडे नेतो आणि 'ही सेड मी' होतं. डिक्शनरीत या दोघांची वेगळी चौकट आहे, टेलला पुढे माणूस लागतो, सेला बोललेली गोष्ट, माणूस आणायचा तर मध्ये 'टू' घालायचा. तसंच 'बॉरो' आणि 'लेंड'. मराठीत उसने घेतले, उसने दिले, शब्द एकच, दिशा क्रियापद सांगतं. इंग्रजीत दिशा शब्दातच भरलेली, म्हणून आपल्याकडचे भलेभले 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' म्हणतात आणि पेन मिळतं पण, कारण समोरचा पण आपलाच असतो.

आणि इथेच माझी एक ट्यूब पेटली. इंग्रजी उगाच किचकट आहे असं मला कायम वाटायचं, जोराच्या पावसाला 'हेवी', जोराच्या वाऱ्याला 'स्ट्राँग', सणसणून आलेल्या तापाला 'हाय', अरे सगळ्याला एकच काहीतरी लावा की. मग एकदा सहज 'वेअर' उघडला. कपडे वेअर, दागिने वेअर, चष्मा वेअर, सेंट वेअर, दाढी ठेवली तरी वेअर, चेहऱ्यावरचे भाव ते पण वेअर! आणि आपण? साडी नेसायची, ड्रेस घालायचा, कुंकू लावायचं, गजरा माळायचा, बांगड्या भरायच्या. माझ्या भाचीने परवा 'साडी घातली' म्हणल्यावर आमच्या आत्याबाईंनी तिला जे बघितलं ते बघण्यासारखं होतं. नियम आपल्याकडे पण आहेतच, फक्त ते आईच्या दुधाबरोबर आल्यामुळे दिसत नाहीत. तेव्हापासून हेवी-स्ट्राँगचा राग गेला. नुसता शब्द पाठ करायचा नाही, जोडी पाठ करायची, एवढं डोक्यात बसलं.

'डाउट'ने पण मला बराच त्रास दिला होता हे नंतर कळलं. आपल्याकडे वर्गात हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणायची सवय, शंका म्हणजे डाउट, संपला विषय. पण आपली शंका दोन प्रकारची असते, एक विचारायची आणि एक घ्यायची, 'माझ्यावर शंका घेतोस का' मधली. इंग्रजी डाउट हा जास्त दुसऱ्या जातीचा, खात्री नसणं, विश्वास न बसणं. मी एका पार्टीला सरळ 'वी हॅव डाउट अबाउट युअर टेस्ट रिपोर्ट' लिहिलेलं, मला फक्त एक आकडा विचारायचा होता, तिकडून तीन सर्टिफिकेटं आणि मॅनेजरचा फोन. आता मुकाट्याने 'क्वेश्चन' लिहिते. गंमत म्हणजे फोनवरचं जे व्याकरण तपासणारं ॲप मी आधी वापरायचे त्याने हे वाक्य कधी धरलंच नाही, फार तर मध्ये एक 'अ' घाल म्हणालं असेल, कारण बाकी व्याकरण बरोबरच होतं ना. ॲप बदल सुचवतं पण का ते बऱ्याचदा सांगत नाही, मग पुढच्या मेलला परत तीच चूक, परत तीच लाल रेघ.

'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, याच डिक्शनरीच्या वेबसाइटवर शोधलात तर मिळतो, इंडियन इंग्लिश असा शिक्का मारून. मला हे आवडलं, चूक म्हणून हाकललेला नाही, पत्ता लिहून ठेवलाय. नाशिकच्या सप्लायरला बिनधास्त लिहा, जर्मनीला लिहायचं तर 'ब्रिंग फॉरवर्ड' बरं. 'होमली' पण एकदा बघाच, विशेषतः ज्यांच्या घरात स्थळं बघणं चालू आहे त्यांनी. आपल्या जाहिरातीत होमली मुलगी म्हणजे घरात रमणारी, ब्रिटिश माणूस बहुतेक उबदार घर नाहीतर लॉज डोळ्यासमोर आणेल, आणि अमेरिकेत दिसायला बेताची. न्यू जर्सीच्या स्थळाला बायोडेटा पाठवताना हा शब्द काढून टाका, माझं ऐका.

आता कमी काय ते पण सांगते. मराठी अक्षरही नाही. म्हणजे इंग्रजी शब्द अर्धवट तरी आठवत असेल तरच उपयोग, 'ओशाळले' याला काय म्हणतात ते शोधायचं तर ही डिक्शनरी गप्प. त्यासाठी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन बघते, फुकट आहे, पण ती आवृत्ती 1857 ची, त्यातलं इंग्रजी उचलून मेलमध्ये घातलं तर पार्टीला वाटेल कंपनी सरकारकडून खलिता आला. म्हणून दोन टप्पे करते, मोल्सवर्थमध्ये चार शब्द बघायचे आणि मग एकेक ऑक्सफर्डमध्ये टाकून कुठला अजून जिवंत आहे आणि कुठला आपल्या वाक्यात बसतो ते बघायचं. वेळ जातो, खरं आहे. पण साहेबांसमोर बी आणि सी रिव्हिजनचे प्रिंट घेऊन उभं राहण्यात जास्त वेळ जातो.

दुसरं म्हणजे वजन. ही विटेएवढी वस्तू पर्समध्ये जात नाही, पीएमपीएमएलच्या बसमध्ये उभं राहून वाचायची तर विसराच. अक्षर बारीक, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा जवळ ठेवावा. वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, जाहिराती सहन करायच्या. मग पुस्तक कशाला, असं आमच्या अकाउंटवाल्या पोराने विचारलंच. तर फोनवर तुम्ही एक शब्द बघता आणि बंद करता, पुस्तकात 'हार्ड' बघायला गेलं की खाली 'हार्डली' दिसतो आणि कळतं की आपण बायोडेटात 'आय हार्डली वर्क्ड' लिहून काम जवळजवळ केलंच नाही असं कबूल करून बसलोय. (मी नाही. त्याने लिहिलेलं. आता पुस्तक जास्त त्याच्याच टेबलावर असतं.)

दहावी आवृत्ती 2020 ची आहे, नवी घ्यायची तर ती घ्या, पण आमच्यासारखं मेलापुरतं काम असेल तर जुनी पुरते, से-टेलच्या चौकटी जुन्या झालेल्या नाहीत. घेताना पानं मोजायची नाहीत पण एस आणि टी एकदा चाळा, सेकंडहँडमध्ये बहुतेक तिथलीच पानं सुटलेली असतात. आणि दुकानदार सीडी आहे म्हणून पन्नास रुपये जास्त मागायला लागला तर देऊ नका, ती घालायला ड्राइव्ह उरलाय कोणाकडे.