गच्चीवरचा डेक: डब्ल्यूपीसी, साग की कोटा?

गच्चीवर किंवा अंगणालगत बसण्याजोगा डेक करायचे ठरले, की सुतार सागाचे नाव घेतो, इंटिरियर डिझायनर डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिक मिश्रणाची, पट्टी सुचवतो आणि घरातील वडीलधारी मंडळी कोटा फरशीच बरी म्हणतात. या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जागा उघड्यावर आहे की छपराखाली, आणि कोल्हापूरचा जून ते सप्टेंबरचा पाऊस तिच्यावर थेट पडणार का, हे ठरवल्याशिवाय त्यांतून निवड करता येत नाही.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. दारे आणि किचनची कपाटे यांसाठी दुकानात डब्ल्यूपीसी म्हणून जे बोर्ड दाखवले जाते, ते बहुधा पीव्हीसी फुगवून केलेले हलके बोर्ड असते आणि ते डेकसाठी वापरू नये. डेकची पट्टी लाकडाचा भुसा आणि बहुतेक वेळा एचडीपीई प्लास्टिक यांच्या मिश्रणाची, वजनाला चांगलीच जड असते. तिच्यातही साधी पट्टी आणि वरून प्लास्टिकचे पातळ कवच चढवलेली पट्टी असे दोन प्रकार आहेत. साध्या पट्टीत भुसा उघडा राहत असल्याने ती ओल शोषते, तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तांबड्या रश्श्याची तर्री सांडली तर डाग सहसा निघत नाही. कवचाची पट्टी महाग पडते, परंतु उघड्या गच्चीसाठी तीच विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभालीच्या बाबतीत सागाची अट सोपी पण न टळणारी आहे: रंग टिकवायचा असेल तर वर्षातून किमान एकदा तेल लावावे लागते. तेल न लावल्यास साग करडा-रुपेरी होतो. हा केवळ रंगातील बदल असून त्याला कुजणे म्हणता येत नाही. कुजतो आणि वाळवीला बळी पडतो तो खोडाचा बाहेरचा पांढरा भाग, त्यामुळे पट्ट्या घेताना पिवळसर-तपकिरी गाभ्याच्याच निवडून घ्याव्यात. डब्ल्यूपीसीला तेल आणि पॉलिश लागत नाही, परंतु ‘देखभाल शून्य’ ही जाहिरातीची भाषा झाली. पट्टीवर साचलेल्या धुळीवर पावसाळ्यात शेवाळ धरतेच. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश यांनी ती वेळोवेळी घासावी लागते. शिवाय ओरखडा पडल्यास साग रंधून किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा नवा करता येतो, तर कवचाची पट्टी पॉलिश पेपरने घासली की कवचच जाते आणि ती बदलण्यावाचून मार्ग उरत नाही. कोटा फरशीला तेल लावावे लागत नाही, पण ओली झाल्यावर पॉलिश केलेला कोटा धोकादायक घसरडा होतो.

उन्हाळ्यात एप्रिलच्या दुपारी गडद रंगाच्या डब्ल्यूपीसीवर अनवाणी पाय ठेवणे कठीण जाते. सागाचा पृष्ठभाग त्या मानाने सुसह्य राहतो. जिथे कुरडया-पापड वाळत घालण्यासाठी अनवाणी ये-जा होते, तिथे फिकट छटा घ्यावी. शेगडीवर मटण शिजवायचा बेत असल्यास ती डब्ल्यूपीसीवर ठेवू नये, कारण प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते आणि एखादा निखाराही कायमचा डाग सोडतो.

खरा निर्णय मात्र पट्टीखालच्या सांगाड्यावर ठरतो, आणि कोटेशनमध्ये नेमका त्याचाच उल्लेख त्रोटक असतो. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर, असल्यास सांगाडा बसवण्यासाठी त्याला भोके पाडू देऊ नयेत, कारण त्याने वॉटरप्रूफिंग फुटते आणि खालच्या खोलीचे छत गळू लागते; सांगाडा रबरी पॅडवर किंवा उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर टेकवावा. साध्या लोखंडी पाइपाऐवजी जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्यावा आणि दोन आडव्या पाइपांतील अंतर कंपनीने सांगितल्याप्रमाणे, साधारण 300 ते 400 मिलिमीटर, ठेवावे. ते वाढवून पाइप वाचवले की दोन-तीन उन्हाळ्यांत पट्ट्या झोळतात. डब्ल्यूपीसी उन्हात लांबीने वाढते, बारा फुटांच्या पट्टीत हा फरक चार-पाच मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून टोकांना फट सोडणे आणि पट्टी क्लिपने बसवणे गरजेचे आहे. सागाला ही अडचण लांबीत फारशी येत नाही, रुंदीत येते. पाण्याच्या जाळीवर मात्र उघडता येणारा चौकोन ठेवावाच, अन्यथा पानांनी जाळी तुंबल्यावर अख्खा डेक उखडावा लागेल.

कोल्हापुरातील शाहूपुरी, नागाळा पार्क अशा 2019 आणि 2021 च्या पुराचा अनुभव असलेल्या भागांत तळमजल्यावर पोकळ पट्टी टाळावी. तिच्या पोकळीत गाळ शिरला तर तो काढणे जवळपास अशक्य असते. तिथे कोटा अथवा काळ्या दगडाची फरशी हाच शहाणपणाचा पर्याय आहे. छपराखालील व्हरांड्यात खर्च परवडत असेल तर साग, आणि पाऊस-ऊन थेट झेलणाऱ्या वरच्या गच्चीवर कवचाची भरीव पट्टी घ्यावी.

पट्टी ठरल्यावर ऑर्डर देताना त्याच बॅचच्या चार-पाच जास्तीच्या पट्ट्या मागवून सावलीत ठेवाव्यात, कारण पुढच्या बॅचची छटा जुळेलच असे नाही. वॉरंटी कार्डावर बुरशी, रंग उडणे आणि पट्टी बदलण्याची मजुरी यांपैकी काय समाविष्ट आहे, ते पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे.