मास्नेची सिगाल की पुलांकचे प्राणी?

उन्हाळाभर गात होतीस ना, मग आता नाच! मुंगीच्या या टोमण्याने संपणारी कथा फ्रेंच कवी ला फोंतेनच्या बोधकथांच्या १६६८च्या संग्रहात अगदी पहिली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या नाकतोड्याच्या जागी तिथे सिकाडा हा किर्र आवाज करणारा कीटक, फ्रेंचमध्ये सिगाल. मुंगी स्वतःच नाचायला सांगते म्हटल्यावर यावर बॅले होणारच. मास्ने आणि पुलांक या फ्रेंच संगीतकारांनी ते केलेही. मास्नेचा ‘सिगाल’ आणि पुलांकचा ‘ले झानिमो मोदेल’ (‘आदर्श प्राणी’) या दोघांपैकी आधी कोणता ऐकावा, असा प्रश्न पडला असेल तर माझं मत सांगतो. रंगमंचावर दोन्ही क्वचितच येतात, म्हणून ‘ऐकावा’ म्हटलं.

नाव आणि इतिहास पाहिला तर पुलांकचं पारडं जड आहे, यात वाद नाही. ऑगस्ट १९४२, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, ऑपेरात सर्ज लिफारची नृत्यरचना. अल्सास-लोरेन हा सीमेवरचा वादग्रस्त प्रांत तुम्हाला मिळणार नाही, असं जर्मनांना बजावणाऱ्या जुन्या गाण्याची चाल पुलांकने वाद्यवृंदात दडवून ठेवली होती, आणि प्रेक्षागृहात जर्मन अधिकारी बसलेले. एवढ्या एका गोष्टीसाठीही तो ऐकावासा वाटतो. शिवाय मागेपुढे शेतावरची पहाट आणि दुपारचं जेवण, मध्ये ला फोंतेनच्या सहा कथा. पहाटेचं संगीत तर फारच सुंदर आहे.

त्याची सिगालही हुशारीने घडवलेली आहे. उतरणीला लागलेली एक नर्तकी गावी परतते आणि बालमैत्रिणीच्या, म्हणजे पैसेवाल्या मुंगीच्या, दारात उभी राहते. कल्पना मास्नेपेक्षा तिखट आहे, हे मान्य करायला हवं.

पण ती ऐकायला मिळाली तर ना! पुलांकने या बॅलेतून मैफलीसाठी जो सूट, म्हणजे निवडक भागांचा संच, काढला, त्यात अस्वल आणि सिगाल या दोन्ही कथा गाळल्या. ध्वनिमुद्रणं बरीचशी या सूटचीच. मुखपृष्ठावर बॅलेचं नाव दिमाखात असतं, आपण लावतो, पहाट होते, सिंह प्रेमात पडतो, लाकूडतोड्याला मृत्यू भेटतो, कोंबडे भांडतात, जेवणं होतात. सिगाल नाही. जिच्यासाठी मी तबकडी घेतली तीच नाही! संपूर्ण बॅलेची ध्वनिमुद्रणं आहेत, नाही असं नाही. पण दरवेळी बारीक अक्षरांतली यादी तपासत बसायचं, याचा मला कंटाळा आला. तुम्हाला कदाचित येणार नाही.

मास्नेकडे ही भानगड नाही. १९०४चा, पॅरिसच्या ओपेरा-कोमिकचा, आंरी कँच्या कथानकावरचा दोन अंकी बॅले; त्यात ही एकच गोष्ट आणि तीही पूर्ण. इथली सिगाल आळशी नाही, उधळी आहे. जवळचं सगळं गरजूंना वाटून टाकते, हिवाळ्यात मुंगीबाईंच्या दारातून हाकलली जाते आणि बर्फात मरते. तेव्हा वाद्यवृंदाबरोबर चक्क मानवी आवाज येतात, देवदूतांचे. भाबडं आहे, काहींना गोडमिट्टही वाटेल. पहिल्या अंकात तर मास्ने जरा जास्तच खूष होऊन वॉल्ट्झ लिहीत सुटला आहे. पण मी तो काम करता करता लावतो, आणि त्या आवाजांपाशी हातातलं काम थांबतंच. पुलांकच्या बाबतीत मी कौतुकाने मान डोलावतो आणि काम चालू ठेवतो. हा कदाचित माझ्या कानांचाही दोष असेल.

फ्रेंच संगीतातला खट्याळपणा, मध्येच येणारी तिरकस सुरावट ज्यांना आवडते, त्यांनी खुशाल पुलांकपासून सुरुवात करावी. फक्त घेण्याआधी यादीत सिगालचं नाव आहे ना, ते बघावं. गोष्ट हवी असेल, तर संचालक रिचर्ड बॉनिंगने नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं मास्नेच्या ‘सिगाल’चं डेक्का कंपनीचं ध्वनिमुद्रण शोधा. त्यात शोधाशोध न करता ती पहिल्यापासून शेवटपर्यंत भेटते.