कथेवर जीव, खेळण्याचा कंटाळा: चार ऑनलाइन गेम, चार वेगळी उत्तरं

ऑनलाइन रोलप्लेइंग गेमची कथा मनात घर करून बसते. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि गेम उघडायचा म्हटलं की अंगावर येतं. पुढचा कटसीन (कथेचा चित्रपटासारखा तुकडा) बघायचा तर आधी निरोप पोचवायचे, डझनभर राक्षस मारायचे, डंजनसाठी (अनेकांनी मिळून पार करायच्या, शत्रूंनी भरलेल्या जागेसाठी) अनोळखी लोकांची वाट बघायची. अशा वेळी दोनच सल्ले मिळतात: ‘सोडून दे’ किंवा ‘यूट्यूबवर बघून घे’. मला दोन्ही अपुरे वाटतात. आधी बघायला हवं की नकोसं नेमकं काय आहे (लढाई, हेलपाटे की इतर माणसं), आणि त्या गेमनं कथेचा किती भाग खेळाडूच्या हातात ठेवलाय. त्यानुसार उत्तर बदलतं.

हा प्रश्न सर्वांत जास्त फायनल फँटसी १४ बाबत पडतो. हा गेम 2010 मध्ये आला तेव्हा सपशेल आपटला. नाओकी योशिदा यांच्या टीमनं तो पुन्हा बांधला आणि 2013 मध्ये ‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावानं आणला. आज कथेसाठी त्याचं नाव घेतलं जातं, पण ती कीर्ती मुख्यतः पुढच्या भागांची, त्यातही 2019 च्या ‘शॅडोब्रिंगर्स’ची. तिथला खलनायक एमेट-सेल्क बोलायला लागला की त्याची बाजू खरी वाटू लागते. तिथवर पोचायला मात्र सुरुवातीची लांबलचक हमाली करावी लागते. 2020 मध्ये त्या क्वेस्टना (गेमनं नेमून दिलेल्या कामांना) कात्री लागली, तरी उरलेल्यांत ‘अमक्याला जाऊन भेट’ छापाची कामं भरपूर आहेत. लढाईचा ठेकाही संथ. दोन मुख्य वारांमध्ये साधारण अडीच सेकंद जातात, आणि सुरुवातीच्या लेव्हलला बटणं इतकी थोडी की मधल्या वेळेत करायला काहीच नसतं.

इतर माणसं नको असतील तर इथे चांगली सोय आहे. मुख्य कथेतली चार जणांची डंजन्स आता ‘ड्यूटी सपोर्ट’मुळे एनपीसींना (गेमच चालवतो त्या पात्रांना) सोबत घेऊन करता येतात, आणि ती कथेतलीच पात्रं असल्यानं वाटेत बोलतातसुद्धा. आठ जणांच्या मोठ्या बॉसलढायांना मात्र बहुतेक ठिकाणी माणसंच लागतात. एकट्यानं लढायच्या प्रसंगात हरलात तर पुढच्या वेळी सोपी पातळी निवडता येते. ती खुशाल निवडा.

हा गेम नुसता बघितला तर काय हुकतं? बराच काळ फारसं नाही. तुमचं पात्र अबोल आहे, मान डोलावतं, आणि तुम्ही कोणतं उत्तर निवडता यानं कथा बदलत नाही. पण 2021 च्या ‘एंडवॉकर’मध्ये एक प्रसंग आहे (रहस्य जपायचं असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा). तुमचा महापराक्रमी नायक अचानक एका सामान्य सैनिकाच्या शरीरात सापडतो. इतक्या वर्षांत कमावलेलं एकही कौशल्य पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर उरत नाही. बर्फातल्या उद्ध्वस्त शहरातून लपतछपत जायचं, एरवी एका फटक्यात मेला असता अशा शत्रूला घाबरायचं, आणि शेवटी पाय ओढत चालायचं. पट्टीवरची ती रिकामी घरं स्वतःच्या बोटांना जाणवली तरच तो प्रसंग पूर्ण पोचतो. बघणाऱ्याला तो फक्त कळतो.

स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिकचं गणित याच्या उलट आहे. डिसेंबर 2011 मध्ये आलेल्या या गेममध्ये आठ क्लास (पात्राचे पेशे), प्रत्येकाची स्वतंत्र कथा, आणि तुमच्या पात्रालाही पूर्ण आवाज. काय बोलायचं ते तुम्ही निवडता. इथे व्हिडिओ बघणं म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयांची कथा बघणं. इंपीरियल एजंटच्या कथेत तर एका टप्प्यावर एजंटच्या मनाचा ताबा दुसऱ्यांकडे जातो. तुम्ही खरं सांगायचा पर्याय निवडता आणि पात्राच्या तोंडून भलतंच निघतं. निवड तुमची होती म्हणूनच ते झोंबतं.

लढाई इथेही जुन्या वळणाची, बटणांची रांग लावून करायची. पण ती टाळता नाही तरी उरकता येते. सोबतच्या साथीदाराला हीलर (जखमा भरून काढणारा) केलं की साध्या मारामाऱ्या फार विचार न करता पार पडतात, आणि जांभळ्या खुणेच्या मुख्य क्वेस्ट तेवढ्या केल्या तरी पुरेशी लेव्हल मिळते. बाकीच्या क्वेस्टकडे खुशाल पाठ फिरवा. आठही क्लासकथा पैसे न भरता खेळता येतात.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन थोडक्यात. 2016 च्या ‘वन तमरिएल’ बदलानंतर गेम तुमच्या पात्राची ताकद जगाशी जुळवून घेतो, त्यामुळे आवडेल त्या प्रदेशातून सुरुवात करा. कथा बऱ्याच अंशी सुट्या असल्यानं एक संपवून थांबलात तरी अर्धवट सोडल्याची हुरहुर लागत नाही. मोकळ्या जगातली लढाई फार सोपी आहे. लढाईची दगदग नको असेल तर हा गुण. लढाईत रसच उरत नाही अशी तुमची तक्रार असेल तर इथेही तेच होईल.

राहिला माझ्या जिवाचा गेम, द सीक्रेट वर्ल्ड, 2012 चा. कथा अफलातून आणि लढाई कंटाळवाणी, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. 2017 मध्ये तो ‘सीक्रेट वर्ल्ड लेजंड्स’ म्हणून नव्यानं आला, लढाई बदलली, तरी ती तक्रार पुरती गेली नाही. पण त्यात ‘इन्व्हेस्टिगेशन’ मिशन आहेत. किंग्जमाउथ गावात रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांवरची गुप्त चिन्हं वाचत माग काढायचा, मग गेममधलाच ब्राउझर उघडून खऱ्या इंटरनेटवर संदर्भ शोधायचे. तिथे डोकं हेच हत्यार. व्हिडिओवर ही मिशन बघणं म्हणजे सोडवलेलं शब्दकोडं वाचणं. मोठी नवी कथा त्यात बरीच वर्षं आलेली नाही आणि मूळ कथा मध्येच थांबते, हे माहीत असूनही मी तो सुचवेन.

तर निवड अशी करा. लढाईच नको असेल पण संवादात स्वतःचा शब्द हवा असेल तर स्टार वॉर्स, एजंटपासून. हेलपाटे सहन होत नसतील तर फायनल फँटसी १४ मध्ये ‘अ रेल्म रीबॉर्न’चा भाग बिनदिक्कत व्हिडिओवर बघा, पण पात्र बनवून फ्री ट्रायलही घ्या. तिला मुदत नाही, लेव्हल 70 पर्यंत चालते आणि ‘स्टॉर्मब्लड’पर्यंतची (‘शॅडोब्रिंगर्स’च्या आधीच्या भागापर्यंतची) कथा तिच्यात आहे. ‘शॅडोब्रिंगर्स’ मात्र विकत घ्यावं लागतं, मासिक शुल्कासकट, आणि एकदा पूर्ण गेम घेतला की त्या खात्याला ट्रायलवर परत येता येत नाही. म्हणून ‘स्टॉर्मब्लड’ संपेपर्यंत खरेदीचा विचारसुद्धा करू नका. तिथवर पोचूनही लढाई नकोशीच वाटत असेल तर उरलेलं निवांत बघा, पण एंडवॉकरमधल्या त्या बर्फातल्या प्रसंगाआधी व्हिडिओ थांबवून ठरवा की तो स्वतः खेळायचा का.