लिपारीचा किल्ला आणि त्यातले संग्रहालय

सिसिलीच्या उत्तरेला एओलियन द्वीपसमूहाची सात बेटे आहेत आणि ती सगळी ज्वालामुखीतून वर आलेली आहेत. बहुतेक प्रवासी स्ट्रॉम्बोलीच्या शिखरावर उसळणारी आग आणि व्हुल्कानोच्या विवरातून निघणारी गंधकाची वाफ पाहण्यासाठी येतात, आणि त्यांतले सर्वांत मोठे बेट असलेले लिपारी त्यांच्या लेखी केवळ बोट बदलण्याचे ठिकाण ठरते. हा लिपारीवर अन्याय आहे. तिथला किल्ला आणि त्याच्या आवारातले, पुरातत्त्वज्ञ लुइजी बेर्नाबो ब्रेआ यांचे नाव असलेले पुराणवस्तुसंग्रहालय मिळून मानवी वस्तीचा जो सलग पट उलगडतात, तसा पट भूमध्य समुद्रात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

किल्ला दोन लहान बंदरांच्या मधोमध, लाव्हाच्या उभ्या कड्यावर आहे. सह्याद्रीतले गड पायाखालून घातलेल्या मराठी माणसाला ज्वालामुखीचा खडक नवा नाही; पण आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तर लिपारीवर मध्ययुगातही उद्रेक झाले होते. वर जायला कॅथेड्रलसमोर थेट पोहोचवणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत आणि बरेच लोक त्याच चढतात. माझा सल्ला मात्र माझ्झिनी चौकाकडून जुन्या दरवाजातून आत शिरण्याचा आहे, कारण त्या वाटेने तटबंदीची जाडी आणि तिच्यातली वेगवेगळ्या काळांतली बांधकामे नजरेखालून जातात. सध्याची भक्कम तटबंदी मुख्यतः स्पॅनिश राजवटीतली आहे. 1544 मध्ये ऑटोमन नौसेनापती हैरुद्दीन बार्बारोसाने शहर लुटून हजारो रहिवाशांना गुलाम म्हणून नेले, आणि त्यानंतर सम्राट पाचव्या चार्ल्सच्या कारकिर्दीत तट नव्याने उभारून बेटावर पुन्हा वस्ती वसवण्यात आली.

आत शिरल्यावर थेट संग्रहालयात जाऊ नये. आधी कॅथेड्रलजवळचा उघडा ठेवलेला उत्खननाचा भाग पाहावा. वाऱ्याबरोबर उडत येणारी ज्वालामुखीची राख या टेकडीवर हजारो वर्षे साचत राहिली, त्यामुळे प्रत्येक वस्तीचे अवशेष पुढच्या वस्तीखाली गाडले गेले आणि काही ठिकाणी या थरांची जाडी 9 मीटरच्या आसपास भरली. कठड्यावरून वाकून पाहिले की कांस्ययुगीन झोपड्यांची लंबवर्तुळाकार दगडी जोती दिसतात. एका जोत्याची कड दुसऱ्याने मधूनच तोडलेली असते आणि त्यावरून कोणती झोपडी आधीची हे आपले आपल्यालाच उमगते. बेर्नाबो ब्रेआ आणि त्यांच्या सहकारी मॅडलीन कॅव्हालिए यांनी हे थर एकेक करून उलगडले आणि 1954 मध्ये संग्रहालय सुरू केले. ज्या मातीतून वस्तू निघाल्या, तिच्यापासून काही पावलांवर त्या मांडल्या गेल्या आहेत, हे या जागेचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

प्रागैतिहासिक विभाग जुन्या बिशपवाड्यात आहे. तिथल्या ऑब्सिडियनच्या दालनात अजिबात घाई करू नये. लाव्हा झपाट्याने थिजून तयार झालेली ही काळी काच नवाश्मयुगात इथून माल्टापर्यंत आणि दक्षिण फ्रान्सपर्यंत जात असे, आणि बेटाची पहिली समृद्धी तिच्यावरच उभी होती. पाती काढून उरलेल्या गाभ्यांवर लांबट, समांतर खाचा स्पष्ट दिसतात; पात्यांची कड मात्र इतकी पातळ असते की उजेडात ती करड्या धुरासारखी पारदर्शक होते. पुढच्या दालनांत मायसीनी, म्हणजे कांस्ययुगीन ग्रीसमधल्या, खापरांचे तुकडे आहेत, ज्यांच्यामुळे इथल्या थरांचा काळ ग्रीसच्या कालक्रमाशी जुळवता आला. एका झोपडीच्या जमिनीखाली पुरलेल्या रांजणात मिळालेला, सुमारे 75 किलो वजनाचा कांस्याचा साठाही इथेच आहे. मोडक्या कुऱ्हाडी, तलवारींचे तुकडे, धातूची ढेकळे असा हा वितळवण्यासाठी जमवलेला ऐवज पुरणाऱ्याला परत काढताच आला नाही.

अभिजात विभागात मला सर्वाधिक भावले ते भाजक्या मातीचे नाट्यमुखवटे. इ.स.पू. चौथ्या आणि तिसऱ्या शतकांतले हे मुखवटे तळहातावर मावतील एवढे लहान आहेत आणि ते ग्रीक वसाहतीच्या दफनभूमीत, मृतांच्या सोबतीला ठेवलेल्या वस्तूंत सापडले. कपाळाला आठ्या घातलेला म्हातारा बाप, कर्ण्यासारखे तोंड पसरलेला गुलाम, केशरचनेवरून ओळखू येणारी गणिका, अशी सुखात्मिकेतली ठरीव पात्रे इथे ओळीने भेटतात आणि त्यांतल्या कित्येकांवर रंगाच्या खुणा अजून टिकून आहेत. ग्रीक रंगभूमीबद्दल थोडेही कुतूहल असलेल्या वाचकाने केवळ या दालनासाठी लिपारीला जावे, असे मी निःसंकोच सांगेन. बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या दोन मुठींच्या कुंभांची उंच रचनाही प्रेक्षणीय आहे.

मांडणी अभ्यासकाच्या शिस्तीची आहे. खापरांच्या कपाटांमागून कपाटे येत राहतात, आणि लहान मुलांसोबत जाणाऱ्यांना तिथे रमणे कठीण जाईल. त्यांनी ज्वालामुखीशास्त्राचा विभाग, मुखवटे आणि कुंभ एवढेच निवांत पाहावे. मुसोलिनीच्या काळात हे बेट राजकीय विरोधकांच्या स्थानबद्धतेचे ठिकाण होते आणि 1929 च्या जुलैमध्ये कार्लो रोस्सेली, एमिलियो लुस्सू आणि फ्रान्चेस्को फाउस्तो नित्ती इथून मोटरबोटीने निसटले. किल्ल्यावरून समुद्र न्याहाळताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मिलाझ्झो बंदरातून जलद बोटीने लिपारीला पोहोचायला साधारण तासभर लागतो. एका दिवसात दोन-तीन बेटे दाखवणाऱ्या सहलींत किल्ल्याच्या वाट्याला फारच थोडा वेळ येतो, म्हणून बेटावर मुक्काम करून सकाळी लवकर वर जावे. उन्हाळ्यात उत्खननाच्या भागावर सावली नसते, तेव्हा तो आधी पाहून मग दालनांत शिरणे सोयीचे पडते. विभाग वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेले असल्याने त्या दिवशी कोणते उघडे आहेत, हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे.