थोड्या दिवसांसाठी थंड देशात: एक जाड जॅकेट की लेअर्स?
बाहेर उणे 10 मध्ये बसची वाट बघत उभं राहायचं असेल तर जाडजूड जॅकेटच बेस्ट, वादच नाही. पण तिकडे घरात, ऑफिसात, ट्रेनमध्ये हीटिंग चालू असतं, मग आत शिरलं की घामाघूम, जॅकेट काढलं तर खाली नुसता टीशर्ट, आणि तो कॉटनचा असला की घाम धरून ठेवतो आणि परत बाहेर पडल्यावर तोच गार पडून हुडहुडी भरवतो. लेअर्समध्ये, म्हणजे एकावर एक घातलेल्या पातळ कपड्यांच्या मधे अडकलेली हवाच ऊब धरते, शिवाय एकेक काढता-घालता येतो. आत थर्मल, मग फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार कापड), वरून वारा-पाऊस अडवणारं काहीतरी पातळ. सकाळच्या घाईत वैताग येतो म्हणा! तरी मी लेअर्सच घेईन, कारण परत आल्यावरही ते सुटे सुटे वापरता येतात.