बोलीतली कादंबरी वाचायची आहे. आधी ‘धग’ घेऊ की ‘गोतावळा’?

‘धग’ उघडली की सुरुवातीला वाटतं, यात अवघड काय आहे? उद्धव शेळके यांनी 1960 सालच्या या कादंबरीचं निवेदन प्रमाण मराठीत ठेवलंय, वऱ्हाडी बोलतात ती माणसं. एखादा संवाद निसटला तरी नायिका कौतिकनं पुढं काय केलं ते निवेदनातून कळतंच. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) ही सोय नाही. तिथं सांगणारा नारबा स्वतः शेतावरचा गडी, आणि गोष्ट सगळी त्याच्या कोल्हापूर-कागलकडच्या बोलीत.

घरात बोली कधी कानावर पडली नाही अशांसाठी हे लिहितोय. ज्यांची आजी नागपूरकडची किंवा कागलची आहे, त्यांनी खुशाल हवी ती घ्यावी.

वऱ्हाडीची अडचण मुख्यतः नियमांची. मला-तुला म्हणजे ‘मले-तुले’, ‘का’साठी ‘काहून’, ‘करतोय’ऐवजी ‘करून राहिलो’. आणि ‘ळ’चा ‘य’. हा शेवटचा भलताच फसवा. ‘काया’ वाचून मला शरीर आठवायचं, बोलणारा म्हणत असायचा ‘काळा’. ‘डोया’ म्हणजे डोळा. अशा पाच-सहा खुणा पुस्तकात ठेवायच्या चिठ्ठीवर लिहून घेतल्या, की बरंचसं सुटतं. अमरावतीकडचं कुणी ओळखीचं असेल तर फोनवर दोन पानं वाचून घ्या. हेल कुठल्याच लिपीत उतरत नाही.

‘गोतावळा’त ‘म्या’, ‘न्हाई’, ‘हाय’ यांची सवय लवकर होते. ‘न्हवं’ तेवढं जपून वाचा. वाक्याच्या शेवटी आलं तर तो नकार नसतो, आपलं ‘ना?’ असतं. खरी अडचण वस्तूंची. जू, शिवळ, कासरा, दावं हे नारबाच्या रोजच्या हातातलं. तो कशाला समजावून सांगेल? दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932 ते 1938) इथं कामाला येतो. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे आणि प्रांतिक शब्दांपुढं प्रांताची खूणही देतो. पण शिवळ म्हणजे जुवाची खुंटी, एवढं कळून चित्र उभं राहत नाही. जुंपलेली बैलजोडी एकदा जवळून पाहिली पाहिजे. आणि हे शब्द गाळून चालत नाही. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं जायला लागतात, ही गोष्ट आहे. जनावरांबरोबर ही शब्दांची दावणही रिकामी होते.

‘धग’मध्ये शब्द गाळला तर फारसं बिघडत नाही, पण सूर गाळला तर बिघडतं. प्रमाण निवेदनावरून डोळा भरभर पळतो आणि संवादांवरूनही तसाच घसरत जातो. पहिल्या वाचनात माझं हेच झालं. कौतिकची नवऱ्याशी होणारी बोलाचाली मला नुसतं भांडण वाटली होती. दुसऱ्यांदा संवाद मोठ्यानं वाचले, तेव्हा त्यातली माया ऐकू आली.

म्हणून माझा कौल असा : लोकलमध्ये रोज दहा पानं वाचणार असाल तर ‘धग’. सलग तीन-चार दिवस मोकळे असतील तर बेलाशक ‘गोतावळा’. तीसेक पानं रेटली की कान बसतो आणि मग प्रमाण-बोली अशी ये-जा नसल्यामुळं ती ‘धग’पेक्षा सोपी जाते. मात्र मध्ये आठवडा गेला की पुन्हा पहिल्यापासून.

पूर्ण बोलीतलं हवंय पण शेतीच्या शब्दांची धास्ती वाटते? मग रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या, तीही 1971चीच. शिंप्याच्या घरातली पार्वती आपली कहाणी मराठवाडी बोलीत सांगते. दुकान, नवरा, मुलगा, गावातली वैरं, असा सगळा घरचाच मामला. त्यामुळं कोश फारसा उघडावा लागत नाही.